पेटी क्रमांक एकशे बारा

"माझ्याकडे पन्नास मिनिटं आहेत," ती बाई दारातूनच म्हणाली. "तासभर मिळाला होता. दहा मिनिटं इथं चालत येण्यात गेली."

मॉरीन स्कोफिल्डने तिला खुर्ची दाखवली. "तासभर कुणी दिला?"

"बाबांनी. औषधाच्या दुकानात जाऊन यायला."

बाई शेहेचाळीस-सत्तेचाळीसची असावी. कोट अंगावर तसाच ठेवून ती खुर्चीच्या कडेला टेकली. नाव लिन हेपवर्थ. कॅनॉल स्ट्रीटवर वडिलांसोबत राहत होती.

मॉरीनने तीस वर्षं हडर्सफील्डच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं तपासली होती. निवृत्त झाल्यावर ती लोकांचं बोलणं तपासू लागली. मिथमब्रिजसारख्या खोऱ्यातल्या छोट्या गावातही त्या कामाला तोटा नव्हता. तिचा मदतनीस डेरेक पिकल्स पूर्वी बस चालवायचा. तो गाडी चालवी, चहा करी आणि समोरचा सांगेल त्यावर विश्वास ठेवी.

डेरेकने चहा आणि बिस्किटांचा नवा पुडा लिनसमोर ठेवला. तिने पुड्याचं टोक दातांनी फाडलं. अर्धी बिस्किटं टेबलावर सांडली.

"माफ करा. मला कधीच नीट उघडता येत नाही."

"वेळ कमी आहे," मॉरीन म्हणाली. "काय झालं ते सांगा."

"चोरी. आणि चोर मी आहे, असं बाबा म्हणतात. आज चार वाजता हवालदार घरी येणार आहे, लेखी तक्रार घ्यायला. तक्रारीत माझं नाव असेल."

"काय चोरलंत?" डेरेकने सहज विचारलं.

"डेरेक."

"नाही, म्हणजे, काय चोरीला गेलं?"

लिनच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच किंचित हसू आलं. "आयर्न हेरन ऐकलाय कधी?"

"ऐकलाय म्हणजे काय! ब्रॅडफर्डला, एकोणीसशे चौऱ्याहत्तर. माझा डावा कान तेव्हापासून असाच आहे."

"बाबांचं सगळं आयुष्य म्हणजे तो बँड. तिसरा अल्बम त्यांच्याकडे एकोणीस वेळा आहे. वेगवेगळ्या देशांतला, वेगवेगळ्या सालांतला. वाजवतात तो एकच, तरुणपणी पहिल्या पगारातून घेतलेला. बाकीचे नुसते उभे असतात." ती थांबली. "या मार्चमध्ये पन्नास वर्षांची पेटी निघाली. सगळे अल्बम रिमास्टर केलेले. जुन्या टेपा काढल्या, साफ केल्या, नव्याने रेकॉर्डी केल्या. पाचशेच पेट्या, प्रत्येकीवर क्रमांक. बाबांची एकशे बारावी. वरचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं."

"आठ महिन्यांत ऐकलीच नाही?"

"संग्राहक सीलबंद पेटी ऐकत नाहीत हो. जपतात."

गुरुवारी सकाळी अकराला पेटी जागेवर होती. रेकॉर्डींच्या दुकानाचा मालक टेरी ऑग्डेन ती बघून गेला होता. दुपारी लिन एकच्या गाडीने हॅलिफॅक्सला गेली आणि साडेपाचला परतली. शुक्रवारी सकाळी पेटी नव्हती. आणि बाबांना लिनच्या कोटाच्या खिशात पेटीचं प्लास्टिक सापडलं.

"हॅलिफॅक्सला कशाला?"

"डॉक्टरी तपासणीला. स्कॉटलंडच्या उत्तरेला, ऑर्कनीच्या एका बेटावर पक्षी मोजणाऱ्यांचं केंद्र आहे. तिथं स्वयंपाकिणीची नोकरी मिळालीय मला. बुधवारी पत्र आलं. मंगळवारची बोट आहे. पण गोदामाच्या किल्ल्या माझ्याकडे राहणार, म्हणून पोलिसांचा दाखला लागतो. आज तक्रार झाली की संपलं."

"वडिलांना नोकरीचं कधी सांगितलंत?"

"शुक्रवारी नाश्त्याला. त्याआधी धीरच झाला नाही. सकाळ-संध्याकाळ मदतनीस येईल असं ठरवून झालं, मग सांगितलं. त्यांनी चहा संपवला. अर्ध्या तासाने ओरडले, पेटी नाही म्हणून. दुपारी कुलूपवाल्याला बोलावून दाराचं कुलूप बदललं. दोन्ही किल्ल्या त्यांच्या गळ्यात आहेत. बाहेर पडायचं तर विचारावं लागतं." तिने घड्याळ पाहिलं. "सहा वर्षं झाली त्यांना अर्धांगाचा झटका येऊन. तेव्हा महिनाभरासाठी म्हणून आले होते मी."

"तक्रार मागे घ्या म्हणालात?"

"म्हणाले, घरातच राहणार असशील तर घरातल्या घरात मिटवू."

"बाप आहे शेवटी," डेरेक हळवा होऊन म्हणाला. "चोरी पोटात घालायला तयार आहे."

मॉरीनने कोट उचलला. "चला. औषधं घ्या आणि आम्हालाही घरी न्या. पेटी शोधायला माणसं आणलीत म्हणून सांगा. त्याला ते नाही म्हणू शकणार नाहीत."

कॅनॉल स्ट्रीटची घरं एकाला एक चिकटून डोंगराच्या पोटाशी उभी होती. नोव्हेंबरात तिथं ऊन येत नाही. दुपारी बाराला पुढच्या खोलीत दिवा लागलेला होता.

दार उघडायला बराच वेळ लागला. आधी वॉकरचे पाय वाजले, मग कुलूप, मग कडी. सगळे आत आल्यावर नॉर्मन हेपवर्थने दार पुन्हा कुलपात घातलं.

"पासष्ट मिनिटं," तो लेकीला म्हणाला.

"रांग होती, बाबा."

"शनिवारी रांग नसते."

चौऱ्याहत्तर वर्षांचा, रुंद खांद्यांचा माणूस. डावा हात अशक्त, उजवा मजबूत. जिना चढता येत नसल्यामुळे त्याचा पलंगही याच खोलीत होता. एका भिंतीला फळ्याच फळ्या आणि त्यांवर रेकॉर्डी. मधोमध रिकामी जागा, पेटीच्या आकाराची. सर्वांत खालच्या फळीखाली जमिनीवर पितळी कडीची मोठी लाकडी पेटी.

"ही कुठली?" मॉरीनने विचारलं.

"चौऱ्याण्णवची. पहिला संच. आतल्या रेकॉर्डी साध्याच आहेत, जुन्याच चुका घेऊन आलेल्या. चोराला कळत असणार. तिला हात लावला नाही त्याने."

"गुरुवारी दुपारी तुम्ही कुठे होता?"

"इथंच, या खुर्चीत. जाणार कुठे? दोनला गोळी घेतली, साडेचारपर्यंत झोपलो. गोळीने गुंगी येते, पण दार वाजलं तरी जाग येते मला. काही ऐकलं नाही."

"मग चोर आला कधी?"

"चोराला यायला कशाला हवं? तो घरातच होता. रात्री मी झोपल्यावर खाली उतरली असेल."

लिन खिडकीजवळ उभी होती.

डेरेक फळ्यांसमोर हरखून उभा होता. "किती नीट ठेवलंय हो सगळं!"

"रेकॉर्ड उभीच ठेवायची," नॉर्मनचा आवाज जरा मऊ झाला. "आणि कोंबायची नाही. प्रत्येक फळीवर बोटभर जागा मोकळी हवी. दाबलं की पाकिटावर गोल वण उठतो. पन्नास वर्षं हा नियम मोडलेला नाही."

डेरेकने खालच्या फळीवरची एक रेकॉर्ड बाहेर ओढायला पाहिली. ती हलेना. त्याने जोर लावला.

"हात काढा!" नॉर्मन एवढ्या जोरात ओरडला की डेरेक दचकून वॉकरवर आपटला.

मॉरीनने वरच्या फळीवर बोट सरकवलं. ते सहज आत गेलं. मग ती रेकॉर्ड वाजवण्याच्या यंत्रापाशी गेली. "जुनं दिसतंय."

"एकोणऐंशीचं. तेहतीस आणि पंचेचाळीस, दोनच वेग. कमी-जास्त करायची खुंटी नाही. रेकॉर्ड जशी असेल तशी वाजते. मला तसंच हवं."

"प्लास्टिक बघू?"

नॉर्मनने खिशातून लिफाफा काढला. प्लास्टिक चार घड्या घालून ठेवलेलं होतं. मॉरीनने ते दिव्याखाली उलगडलं. एकाच कडेला, टोकापासून टोकापर्यंत, पात्याने सरळ चीर. क्रमांकाचं चिकटपत्र शाबूत.

"तिच्या खिशात असंच सापडलं? घडी घातलेलं?"

"असंच."

"शेवटचा प्रश्न. मुलीच्या नोकरीचं तुम्हाला कधी कळलं?"

"काल नाश्त्याला. त्याआधी एका शब्दाने नाही." त्याने लिनकडे पाहिलं. "बापाला शेवटी सांगायचं."

टेरी ऑग्डेनचं दुकान कालव्याच्या पुलाजवळ होतं. गल्ल्यामागे तो पाकिटांवरची धूळ ब्रशने झाडत बसला होता. गुरुवारी दुपारी दुकान बंद होतं, हे त्याने विचारण्याआधीच सांगून टाकलं.

"कुठे होतात?"

"घरी. एकटा. लिहून घ्या, साक्षीदार मांजर."

"पेटी विकत मागितली होतीत?"

"मागितली. नॉर्मनने मला हाकलून दिलं. दर महिन्याला मी मागतो, दर महिन्याला तो हाकलतो. गावात आलेली ती एकच पेटी, बाई. मला एकही मिळाली नाही."

"सील तुटलेलं असतं तर मागितली असती?"

टेरीने ब्रश खाली ठेवला. "सील तुटलं की ती एकशे बारावी राहत नाही. चांगल्या रेकॉर्डींचा गठ्ठा होतो. ऐकणाऱ्याला हवा असेल. मला नको."

"मग त्या पेटीत ऐकण्यासारखं काही विशेष आहे का?"

"आहे ना! तिसरा अल्बम." टेरी खुलला. "त्र्याहत्तरला रेकॉर्डिंग करताना टेपचं यंत्र हळू चालत होतं. कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यामुळे तेव्हापासून निघालेली प्रत्येक रेकॉर्ड जरा जलद वाजते आणि सूर थोडा वर जातो. अर्ध्या सुराच्याही अर्धा. या पेटीत पहिल्यांदा वेग दुरुस्त केला. फक्त या पेटीत. सुटी रेकॉर्ड नाही, इंटरनेटवर नाही, कुठेच नाही."

गाडीत बसताना डेरेक म्हणाला, "हाच तो. मांजराची साक्ष काढतो म्हणजे हाच."

"दोन वाजले," मॉरीन म्हणाली. "शेजारीणबाईंकडे चल."

हेपवर्थांच्या घराला लागून बीअट्रिस क्रॅबट्रीचं घर. वय एकोणऐंशी, मुलांना पियानो शिकवायची. तिच्याकडे हेपवर्थांच्या घराची जुनी किल्ली होती, आणि ही गोष्ट तिने चहा ओतण्याआधीच कबूल केली.

"पण मी तिकडे जाऊ कशाला हो? त्यांचं सगळं इकडेच ऐकू येतं. भिंत म्हणजे नुसता पापुद्रा. नॉर्मन शिंकला तर मी 'देव भलं करो' म्हणते."

"त्यांचा तो अल्बमही ऐकू येत असेल."

"दर रविवारी! तीस वर्षं. पहिल्यांदा चीड यायची, मग सवय झाली. दुसऱ्या बाजूला एक संथ गाणं आहे, फार गोड. मी इकडे पियानोवर साथ करायला बघायची. पण कधी जमलंच नाही. त्याचा सूर माझ्या पांढऱ्या पट्टीवरही बसेना, शेजारच्या काळीवरही बसेना. मधेच कुठेतरी लोंबकळायचा." बाईंचा चेहरा उजळला. "आणि गंमत सांगू? परवा जमलं!"

मॉरीनने कप खाली ठेवला. "परवा म्हणजे?"

"गुरुवारी. तीनला माझी विद्यार्थिनी गेली. तेवढ्यात तिकडून ते गाणं सुरू झालं. मला नवल वाटलं, आज रविवार नाही. मी सवयीने बोटं ठेवली आणि काय सांगू, चपखल! पांढऱ्या पट्टीवर, अगदी शेवटपर्यंत. इतकी खूश झाले, म्हटलं म्हातारपणी माझा कान सुधारला."

"पियानो सुरात लावायला माणूस कधी येऊन गेला?"

"सप्टेंबरात. त्यानंतर कुणी हात लावलेला नाही. आणि गेल्या रविवारपर्यंत जमत नव्हतंच की."

"लिनबद्दल नॉर्मन काही बोलले?"

"ती जाणार म्हणून बिचारा घाबरलाय. बुधवारी संध्याकाळी भिंत ठोकून विचारत होता, ऑर्कनीला पोचायला किती वेळ लागतो. माझी बहीण तिकडे असते ना. मी म्हटलं, बोटीचा वेळ धरून दीड दिवस."

बाहेर आल्यावर डेरेक म्हणाला, "म्हातारीचा वेळ बरा गेला. आपला मात्र फुकट गेला. संशयित तीन, हाती काहीच नाही."

"चार," मॉरीन म्हणाली. "क्रॅबट्रीबाईंनाही बोलावून आण."

साडेतीनला नॉर्मनने पुन्हा दार उघडलं, पुन्हा बंद केलं. खोलीत चार माणसं दाटीवाटीने बसली. लिन मात्र दाराला पाठ लावून उभी राहिली.

"अर्ध्या तासात हवालदार येईल," नॉर्मन म्हणाला. "सापडली पेटी?"

"प्लास्टिकपासून सुरुवात करते," मॉरीन म्हणाली. तिचा आवाज यंत्राचे आकडे वाचून दाखवावेत तसा सपाट होता. "ते एका कडेने पात्याने चिरलेलं आहे. चिकटपत्र वाचवलंय, घडी घातलीय. घाईत असलेला चोर असं करत नाही. तुमची मुलगी तर नाहीच. ती बिस्किटांचा पुडा दातांनी उघडते. असं प्लास्टिक फक्त संग्राहक काढतो, कारण सील तोडतानासुद्धा ते टाकून देणं त्याच्या जिवावर येतं."

"टेरी!" डेरेक उद्गारला.

"टेरीला सील तुटलेली पेटी नकोच आहे. शिवाय ती कुठे उघडली गेली, हे मला माहीत आहे. याच खोलीत, गुरुवारी, तीनच्या आधी."

नॉर्मनने वॉकर जवळ ओढला.

"क्रॅबट्रीबाई, गुरुवारी या भिंतीतून गाणं आलं आणि पहिल्यांदाच तुमच्या पट्टीला लागलं. तुमचा पियानो बदललेला नव्हता. इथल्या यंत्राचा वेग बदलता येत नाही. म्हणजे बदलली ती रेकॉर्ड. दुरुस्त वेगाची रेकॉर्ड गावात एकाच पेटीत आहे. तीन वाजता एकशे बारावी पेटी उघडलेली होती आणि त्या यंत्रावर फिरत होती."

"अगं बाई," क्रॅबट्रीबाई पुटपुटल्या. "म्हणजे माझा कान नाहीच सुधारला."

"त्या वेळी लिन हॅलिफॅक्सला डॉक्टरांसमोर होती. खोलीत एकच माणूस होता. हेपवर्थसाहेब, तुम्ही म्हणता झोपला होता. पण दार वाजलं तरी तुम्हाला जाग येते. पलीकडच्या घरात साथ करता येईल एवढ्या मोठ्याने वाजणारी रेकॉर्ड तुमच्यापासून हातभर अंतरावर होती."

"पण स्वतःचीच पेटी चोरायची कशाला?" डेरेक गोंधळला.

"पेटीसाठी नाही. टपाल या दारातून पडतं, ते आधी यांच्या हाती येतं. मजकूर यांना कळला नसेलही, पण पाकिटावरचा ऑर्कनीचा शिक्का पुरेसा होता. नोकरीचं काल कळलं असं यांनी मला सांगितलं. पण बुधवारीच यांनी शेजारी विचारलं, तिथं पोचायला किती वेळ लागतो. चोरीची तक्रार झालेल्या माणसाला नोकरीवर कुणी घेत नाही, एवढं कुणालाही कळतं. कुलूप नंतर बदललं, हेपवर्थसाहेब. खरं कुलूप तुम्ही गुरुवारीच घातलंत."

लिनने डोळे मिटले होते.

"आणि पेटी? पोलिसांनी घर बघितलं तर?" डेरेकने विचारलं.

"जिना चढता येत नाही, बाहेर जाता येत नाही. म्हणजे ती इथेच आहे. पन्नास वर्षं ज्यांनी फळी कोंबली नाही, त्यांच्या खालच्या फळीतून तुला एक रेकॉर्ड ओढता आली नाही. कुठून तरी दहा-अकरा रेकॉर्डी काढून तिथे घुसवल्या आहेत. कशासाठी जागा मोकळी केली? डेरेक, ती पितळी कडी उघड."

डेरेकने गुडघे टेकले. चौऱ्याण्णवच्या लाकडी पेटीत जुन्या रेकॉर्डी नव्हत्या. आत काळी गुळगुळीत पेटी, चारही बाजूंनी स्वच्छ पांढऱ्या कापडात गुंडाळलेली. कापडाखाली सोनेरी आकडे होते. एकशे बारा.

दारावर थाप पडली.

नॉर्मनने गळ्यातली दोरी डोक्यावरून काढायचा प्रयत्न केला. एका हाताने जमेना. लिन पुढे आली, तिने ती काढली आणि दार उघडलं.

तरुण हवालदार पाय पुसत आत आला. एवढी माणसं पाहून तो जरा बिचकला. "हेपवर्थसाहेब, तक्रार घ्यायची होती ना? नाव कुणाचं लिहायचं?"

नॉर्मनने वॉकरचा दांडा धरला.

"कुणाचंच नको," तो म्हणाला. मग मॉरीनची नजर त्याला जाणवली असावी. "नाही. माझं लिहा. मी खोटं सांगितलं. पेटी मीच लपवली. माझ्या पोरीने काही केलेलं नाही. हे शेवटचं वाक्य नीट लिहा, तिला दाखवावं लागेल."

हवालदाराने ते लिहिलं, वाचून दाखवलं, सही घेतली. लिन वर गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग बॅगेच्या चेनचा. ती खाली आली तेव्हा हवालदार निघून गेला होता.

"मंगळवारी बोट आहे ना?" नॉर्मन म्हणाला. "आज शनिवार आहे."

"आजची रात्र ॲबर्डीनच्या बंदराच्या वाटेवर कुठेतरी काढीन. मदतनीस उद्या सात वाजता येईल. तिचं नाव पॉलीन. तिच्यावर ओरडू नका."

"लिन."

ती दारात थांबली.

"सील तोडलंच होतं, म्हणून लावली," नॉर्मन म्हणाला. "एकदाच. फार वेगळं होतं गं. सावकाश. पन्नास वर्षं मी समजत होतो त्या पोरांना कसली तरी घाई आहे. नव्हतीच घाई त्यांना." त्याने यंत्राकडे बोट केलं. "जरा बस ना. तुलाही ऐकवतो. बावीस मिनिटांची बाजू आहे."

लिनने बॅग दुसऱ्या हातात घेतली. समोरच्या डोंगरामागे आभाळ अजून उजळलेलं होतं आणि खाली स्टेशनात हॅलिफॅक्सची गाडी शिरत होती.

"मला आहे घाई, बाबा," ती म्हणाली आणि पायऱ्या उतरून चालू लागली.